चौथ्या तासाची नोंद

शाळेत तिला सगळे मावशी म्हणत, अगदी मुख्याध्यापिकासुद्धा. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची, चुंबकं मोजून कपाटात ठेवायची आणि परीक्षानळी फोडणाऱ्याला फैलावर घ्यायचं, अशी तिची एकवीस वर्षांची नोकरी. पण तिला कामाचं विचारलं, की ती आधी जिन्याखालच्या खोलीचं सांगायची. तिथे वेधशाळेनं शाळेला वापरायला दिलेलं भूकंपमापक होतं. रुळावर गुंडाळलेला कागद हळूहळू फिरायचा, पेन त्यावर रेघ ओढायचं आणि जमीन हलली की रेघ थरथरायची. रोज सकाळी जुना कागद काढून वेधशाळेला पाठवायचा आणि नवा चढवायचा. या कामाला मावशीनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता खरं सांगायचं, तर शाळा ही काही भूकंप मोजायची जागा नव्हे. मधल्या सुट्टीत सहाशे मुलं जिना उतरली की पेन वेड्यासारखं नाचायचं. शेवटी वेधशाळेचं पत्र आलं, की नोंदींत गोंगाट फार आहे, यंत्र परत न्यावं लागेल. मावशीनं ते पत्र दोनदा वाचलं. घरी लेकीनं समजूत घातली, की एक काम कमीच होईल तुझं. मावशी तिच्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

मावशीपाशी एक वही मात्र होती. कोणत्या वेळी कशानं जमीन हलली, ते ती गेली चार वर्षं त्यात लिहीत होती: मधली सुट्टी, मैदानावरचा रोलर, नाटकाची तालीम, पाण्याचा टँकर. यंत्र न्यायला वेधशाळेचे एक अधिकारी आले, तेव्हा तिनं वही त्यांच्यापुढे ठेवली. ते आधी उभ्यानंच चाळत होते, मग खुर्ची ओढून बसले. गोंगाट कुठला हे कळलं तर तो वगळता येतो, असं ते स्वतःशीच म्हणाले. मावशीला जरा हायसं वाटलं.

मग त्यांनी बरोबर आणलेला, याच यंत्राचा एक जुना कागद टेबलावर पसरला. त्यावर एका गुरुवारी चौथ्या तासाला खरा भूकंप नोंदला गेला होता. वहीत त्या वेळेपुढे मावशीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पी.टी.’

“हीच नोंद चुकीची असेल, तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा?” त्यांनी विचारलं आणि वही मिटली.

मावशीला काहीही सांगता आलं असतं. घाईत लिहिलं म्हणाली असती, तरी खपून गेलं असतं. पण खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल व्हायचे, आणि या वयात तेवढी फजिती तिला नको होती.

“गुरुवारचा चौथा तास मी सकाळीच लिहून ठेवते, साहेब. वेळापत्रक बघून. त्या तासाला मी नववीच्या वर्गात असते.”

वर्गात कशाला, हे मग ओघानं आलं. मावशीचं शिक्षण आठवीतच सुटलेलं. नववीत लाटांचा धडा सुरू झाला, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी लांबलचक स्प्रिंगचं एक टोक धरायला तिला बोलावलं. काम एका दिवसाचं, पण मावशी दर गुरुवारी जाऊन मागच्या बाकावर बसू लागली. सरांनीही कधी हटकलं नाही. आवाज पुढेमागे ढकलत जातो, हे तिला लगेच पटलं. उजेडाला आणि रेडिओच्या लाटांना मात्र वाटेत कशाचाच आधार लागत नाही, हे काही केल्या पटेना. आपल्याला जिना चढताना कठडा लागतो, असं ती म्हणायची.

अधिकारी ऐकून घेत होते. मावशीनं चष्मा लावला आणि तो कागद पहिल्यांदाच नीट पाहिला.

“ही पी.टी. नाहीच,” ती म्हणाली. “पी.टी.त सगळी एकदम उड्या मारतात. इथे आधी बारीक थरथर आहे, मग मोठी.”

तिनं पट्टी लावली. कागद सेकंदाला एक मिलिमीटर सरकतो, हे तिला पाठच होतं. दोन थरथरींत चार सेंटिमीटर अंतर होतं, म्हणजे चाळीस सेकंद. ढकलत येणारी लाट आधी पोचते, आडवी हलवणारी मागे राहते. भूकंप जितका लांब, तितकं त्यांच्यातलं अंतर वाढतं. सेकंदामागे साधारण आठ किलोमीटर धरा, असं सरांनी सांगितलं होतं. तिनं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला आणि तीनशे वीस आकडा त्यांच्यासमोर सरकवला.

अधिकाऱ्यांनी आपली भूकंपांची यादी काढली. त्यात या भूकंपाचं अंतर तीनशे दहा किलोमीटर होतं. त्यांनी यादी आणि वही शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. यंत्र राहू दे, म्हणाले, पण न बघता लिहायचं बंद.

मावशीला रडूच आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. मग डोळे पुसून ती म्हणाली, की ठीक आहे, गुरुवारी वर्गात जाणार नाही.

“वर्ग सोडायला कोण सांगतंय?” ते म्हणाले. “माहीत नसेल तिथे माहीत नाही लिहा. आम्हाला तेवढंही पुरतं.”

पुढच्या गुरुवारी मावशीनं सकाळची पानं भरली, यंत्राचं पेन तपासलं आणि घंटा होताच वर गेली. तास संपल्यावर खाली येऊन तिनं वही उघडली आणि चौथ्या तासापुढे लिहिलं: ‘माहीत नाही. मी वर्गात होते.’