एरंडेलाची फोडणी

सयांनो, लग्नानंतर सासूबाई आमच्या यांना म्हणाल्या होत्या, "चूल शिकून घे, बायको बाहेर बसली का उपाशी राहशीन." हे शिकले नाहीत.

आज मी बाहेर बसलेली. उंबऱ्यापलीकडून कृती सांगत होते, तरी यांनी पिठल्याला दिव्याचं एरंडेल घातलं.

"अवो, ते खायचं तेल नोहे."

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कुठी?"

दोघं खूप हसलो. मग यांचा चेहरा उतरला. घरातलं शेवटचं बेसन तेच होतं.

कापसाचा भाव चढल्यापासून आमच्याच काय, साऱ्या मुलखाच्या वावरांत कापूसच. हाती पैसा आहे, अमरावतीच्या बाजारात दाणा मिळत नाही.

हे ऐकणार नाहीत. तरी उपाशी पोटी, उंबऱ्याबाहेरून आत्ताच म्हटलं, "यंदा एक वावर ज्वारीले ठेवा."