ओव्याचा खप

आमच्या गावावर आजवर जेवढी संकटं आली, त्याच्या दसपट संकटांना आमचे किराणावाले शेठजी तोंड देऊन बसले आहेत. पूर, आग, वीज, भूकंप, विषबाधा, जत्रेतली चेंगराचेंगरी, पिसाळलेलं कुत्रं, यांपैकी काहीही अनसिंगच्या रस्त्यानं आमच्याकडे निघालंच, तर वेशीवर त्याची गाठ आधी शेठजींशी पडेल, आणि ते त्याला म्हणतील, ‘काहून एवढा उशीर केला?’

हे खूळ त्यांच्या डोक्यात ग्रामपंचायतीनं घातलं. शेठजी घराचा नमुना आठचा उतारा काढायला तिथं गेले होते. त्याच संध्याकाळी आपत्ती व्यवस्थापन समितीचा कागद तालुक्याला पाठवायचा होता आणि अध्यक्षाची जागा कोरी होती. ग्रामसेवकानं समोर दिसलेल्या माणसाचं नाव लिहून टाकलं. असे कागद फायलीत जातात आणि तिथंच सुखानं म्हातारे होतात; पण शेठजींनी तो मनावर घेतला. बाकीच्या सभासदांपैकी एक सुरतेला राहत होता, एक सरपंचांचा मेहुणा होता, म्हणजे कुठंच नव्हता, आणि एक आदल्या वर्षीच वारला होता. पहिल्या सभेला शेठजी एकटे हजर राहिले. कोरम नाही, असं स्वतःच लिहून त्यांनी सभा तहकूब केली, नियमाप्रमाणे अर्धा तास थांबले आणि त्याच खुर्चीत बसून ती पुन्हा भरवली. सगळे ठराव एकमतानं मंजूर झाले.

मग त्यांनी गावाची वही केली. कोणाकडे शिडी आहे, कोणाला पोहता येतं, कोणाची जीप धक्का न मारता चालू होते, कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोणाला दमा आहे, सगळं त्यात घरवार लिहिलेलं. शेवटचा रकाना ‘अबोला’. कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे ते त्यात असे आणि दर आठवड्याला खाडाखोड होई. हे कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, “मास्तर, घराले आग लागली अन् अबोला हाय तोच माणूस उठवाले गेला, तर आतला दार उघडंल का?” वर्गातली मुलं असे प्रश्न विचारत नाहीत हे माझं नशीब.

वर्षातून दोनदा मारुतीच्या पारासमोर रंगीत तालीम होई. शाळेचा मास्तर म्हणून जखमी व्हायचा मान माझा. एकदा चौघांनी मला बाजेवर घालून पळवलं आणि वळणावर बाजेसकट नालीत टाकलं. मी ओरडलो. माझं कंबरडं राहिलं बाजूला, शेठजी माझ्यावरच रागावले. “तुमी बेसुद हा, मास्तर. बेसुद माणूस बोंबलत असते का?” पुढच्या तालमीला मी खरोखरच आजारी पडलो, आणि ते बघायला आले ते फक्त सोंग आहे का याची खात्री करायला.

शेठजी जैन. त्यांच्या घरी पाणी गाळून, उकळून प्यायचा पिढ्यांचा रिवाज. वैशाखात, रस्त्यावर पापड भाजावा अशा उन्हात, दुकानात आलेल्याला ते पेलाभर कोमट पाणी देत. गिऱ्हाईक पेला हातात घेऊन त्यांच्याकडे असं बघे, की जणू आपल्याच हातून काही गुन्हा घडला आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी मी त्यांच्या दुकानात गेलो. शेठजी रिकामी बरणी समोर ठेवून बसले होते.

“काय पायजे?”

“ओवा. आईचं पोट बिघडलं जरा.”

“ओवा संपला,” ते म्हणाले. “ही बरणी मले दीड महिना पुरते. आज सकाळपासून नऊ जण आले, तुमी दहावे. दहाच्या दहा खालच्या वेटाळातले.”

वेटाळ म्हणजे आमच्याकडची आळी. खालच्या वेटाळाला पाणी एकाच नळाचं. मी म्हणालो, श्रावणात खाणंपिणं जास्त होतंच. शेठजींनी माझ्याकडे, नालीत पडून ओरडलो होतो त्या दिवशी बघितलं होतं तसं बघितलं, आणि दुकानाची फळी लावली.

आधी त्यांनी आशाताईला फोन केला. ही आमच्या गावची आरोग्य स्वयंसेविका. मग ते पाणी सोडणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, सरपंचांनी सांगितल्याशिवाय नळ बंद करता येत नाही. सरपंच पोहरादेवीला दर्शनाला गेलेले, फोन लागेना. शेठजींनी स्वतः व्हॉल्व्ह फिरवला आणि त्याच्या झाकणावर बसले. डोक्यावर छत्री, मांडीवर वही.

तासाभरात भांडी घेऊन अख्खं वेटाळ जमलं. एक म्हातारी पाण्याची रिकामी गुंडी आपटून म्हणाली, “शेठ, उठतं का बसल्याबसल्या आंघोळ घालू तुले?”

“घाल माय,” शेठजी म्हणाले. “पण ह्या पान्यानं नोको.”

दुपारपर्यंत ते हलले नाहीत. कोणी शिव्या दिल्या, कोणी त्यांच्या दुकानात पाऊल न ठेवायची शपथ घेतली, ज्यांचा आपसात अबोला होता ते शेठजींना बोल लावण्यापुरते एक झाले. तोवर आशाताई शेठजींनी वहीतून सांगितलेली घरं एकेक करून फिरली. अकराव्या घरी ती धावायलाच लागली, कारण घरोघरी माणसं खाटेला खिळलेली होती आणि जो तो समजत होता, की आपल्याच घरी काही शिळं खाण्यात आलं. संध्याकाळच्या आत आरोग्य केंद्राची माणसं आली. नालीतून गेलेला पाइप फुटला होता.

बहुतेक लोक मीठ-साखरेच्या पाण्यावर घरीच सावरले. काहींना वाशीमला न्यावं लागलं. त्यात माझी आई होती, कारण ओवा मिळाला नाही म्हणून मी तिला पडून राहा म्हणालो होतो आणि शाळेत गेलो होतो.

कोणीही दगावलं नाही. त्यामुळे महिनाभरात गावाचं मत ठरलं, की काही झालंच नव्हतं, शेठनं उगाच नळ बंद करून बायकांचे हाल केले. हे शेठजींच्या तोंडावर बोललं जातं. ते मान डोलवतात. “नाई झालं ते बरं झालं,” म्हणतात आणि साखर मोजायला लागतात.

मला मात्र वाशीमच्या दवाखान्यातला बाक आठवतो. आईचे डोळे खोल गेले होते, ती मला ओळखत नव्हती. दिवेलागणीला शेठजी आले आणि माझ्या शेजारी बसले. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं अशी माझी इतक्या वर्षांची तक्रार. म्हणून मी विचारलं, “शेठजी, आता काय करायचं?”

ते हळू आवाजात म्हणाले, “दवाखान्याच्या दारापर्यंतच लिवलं होतं म्या वहीत, मास्तर. आतलं मले नाई समजत.”

आई चौथ्या दिवशी घरी आली खरी, पण तेव्हा ते आम्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही सलाईनच्या थेंबांकडे बघत बसलो, एक पडला की दुसऱ्याची वाट बघत.