झाकणावरचा हात

केडगावात जुने सिनेमाचे कॅमेरे दुरुस्त करणारे एकजण आहेत. भाजी आणताना मी त्यांच्याकडे घटकाभर टेकते. भिंग पुसताना ते श्वास रोखतात, त्यामुळे त्यांचं वाक्य मध्येच थांबतं. आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता.

आमचे हे गेल्यावर ह्यांचा चावी देऊन चालणारा कॅमेरा मी तिथे नेला. आयुष्यभर हे कॅमेऱ्यामागे उभे. लग्नानंतर एकदाच मी तो हिसकावून ह्यांचं चित्रण केलं. काय तो माझा तोरा! एक डोळा मिटलेला, एक हात कमरेवर, जशी काही डायरेक्टरीणच! तेवढ्यात चावी अडकली आणि कॅमेरा तसाच ट्रंकेत गेला.

"हे झाकण असं उघडतं," म्हणत त्याच तोऱ्यात मी खिटी ओढायला गेले. फाट्कन हातावर फटका बसला!

"हात काडा, आजी! रिळाचा काटा बघा, आत रीळ हाय. उजेड लागला तर समदं जाईल!"

त्यांनी कॅमेरा उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत घातला, पिशवीच्या बाह्यांतून हात आत सारले, डोळे मिटून चाचपलं.

"शाबूत हाय."

ह्यांना मी दुसऱ्यांदा गमावणार होते.

"अहो," मी दुसरा हात पुढे केला, "ह्याच्यावरपण एक द्या."