पिरिहिराचं पांघरूण

पिरिहिरा माझ्या प्रार्थनेला यायची ती वाद घालायलाच. "शेजाऱ्यावर प्रेम कर म्हणतोस, पाद्री. पण शेजारी कुंपण घेऊन माझ्या रताळ्यांत घुसला, तर?" माओरींच्या तारानाकी मुलखात इतकी वर्षं काढूनही मी या प्रश्नावर बायबलची पानं चाळत बसायचो. मग ती खो खो हसून मलाच भाजलेलं रताळं खायला द्यायची.

गोऱ्या सरकारचे मोजणीदार आले आणि तिच्या शेतात खुंट्या ठोकून गेले. जमीन कुळातल्या कुणा एकट्यानंच परस्पर सरकारला विकली होती. सगळ्या कुळाची जमीन एकट्याला विकता येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. पिरिहिरानं खुंट्या उपटल्या आणि चुलीत घालून त्यांच्यावर स्वयंपाक केला. कुणाची वस्तू अन्न शिजवायला जाळणं, माओरींत याहून मोठा अपमान नाही. त्यांतला एक मोजणीदार पुन्हा आला तेव्हा तिचा मुलगा एपराइमा आडवा गेला. झटापटीत त्याच्या कुऱ्हाडीच्या घावानं मोजणीदाराचं डोकं फुटलं.

मग सैनिक आले. त्यांनी घरं पेटवली, दारात उभ्या म्हाताऱ्याला संगिनीनं भोसकलं. मांडीत गोळी लागलेल्या एपराइमाला केसांना धरून अंगणात फरफटत आणलं.

पिरिहिरा पुढे झाली. खांद्यावरचं वाखाचं पांघरूण काढून तिनं पोरावर टाकलं आणि निवांत बाजूला उभी राहिली. तिच्यासारख्या मानाच्या बाईचं पांघरूण ज्याच्यावर पडलं, त्याला कट्टर वैरीसुद्धा हात लावत नाही. तिच्या लेखी पोरगा वाचला होता.

मी धावत कप्तानाला गाठलं. "थांबा! तिनं त्याला अभय दिलंय. कैद करा, खटला चालवा, पण मारू नका!"

"म्हातारी मढं झाकतेय, पाद्रीसाहेब. जरा घाईच केली तिनं."

सैनिक हसले. एकानं पांघरुणातून संगीन आरपार घातली. मग दुसऱ्यानं. आतून एकदाच "आई गं" ऐकू आलं.

माझं टाळकं सटकलं. मी त्या दुसऱ्या सैनिकाच्या थोबाडीत मारली, तर त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं मला लोळवलं. आणि म्हणे रानटी ते माओरी!

सैनिक गेले. पिरिहिरा रडली नाही. तिला काही उमजतच नव्हतं.

"पाद्री, त्यांना दिसलं नाही का रे?"

"दिसलं, मावशी."

"मग तुमच्यात माणूस वाचवायला अंगावर काय टाकतात?"

मी तोंड उघडलं. ज्या तारणाऱ्याबद्दल मी तिला वर्षानुवर्षं सांगत आलो, त्याचं नाव काही केल्या माझ्या ओठांवर येईना.