लेखात थंडी नाही

मुलांनो, पानिपतच्या लढाईवरचा इंटरनेट ज्ञानकोशातला लेख शाळेच्या प्रकल्पासाठी भरवशाचा आहे का, असं तुम्ही विचारलंत. मी तो छापून घेऊन लाल पेन्सिलीने तपासला. संदर्भ जागच्या जागी, दोन्ही बाजू मांडलेल्या. दहापैकी नऊ गुण दिले.

तेवढ्यात दर हिवाळ्यात येणारा पानिपतचा कंबलवाला दारात आला. गठ्ठा उतरवून नेहमीसारखा पायरीवर बसला. माझ्या हातातले कागद कशाचे, ते कळल्यावर म्हणाला, "हमारे शहर का लिखा है? सुनाओ, माताजी."

मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, झोपला.

"लड़ाई किस महीने में हुई?" त्याने विचारलं.

"जनवरी."

"तोपें गिन लीं, घोड़े गिन लिए. ठंड कहाँ है? आपके लोग ओढ़ते क्या थे?"

मी चारही पानं पुन्हा चाळली. थंडी कुठेच नव्हती.

"लिखने वाला पानिपत आया ही नहीं," असं म्हणून तो गठ्ठ्याची गाठ सोडू लागला.

यात त्याचा धंदा होता, हे मला कळतं. तरीही मी नऊचे सात केले. लेख वापरा, पण थंडीबद्दल स्वतः शोधून लिहा. त्याच्याकडून घेतलेलं ब्लँकेट या पत्रासोबतच्या पार्सलमध्ये आहे, तो पहिला संदर्भ समजा.