निळ्या गाडीतला माणूस

तुमच्या बाबाची खेळणी मी टाकून दिली नाहीत, एवढ्यावरूनच हे सगळं सुरू झालं. त्याचा मामा, म्हणजे माझा भाऊ, जहाजावर नोकरीला होता. जपानच्या बंदरातून तो गाड्या, विमानं, इंजिनं आणायचा आणि प्रत्येकाची घडी उलगडली की त्यातून यंत्रमानव उभा राहायचा. बाबा परदेशी गेला आणि खोकं माळ्यावर राहिलं. एका उन्हाळ्यात मी ते पुसायला म्हणून खाली काढलं, ते परत वर गेलंच नाही. पुढे अशी खेळणी आली की ठेव, असं शहापूरच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलं, बाबाही कुठून कुठून पाठवू लागला. आता काचेच्या कपाटातले दोन कप्पे भरले आहेत.

जुनं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. औषधाच्या दुकानात जखम धुवायचं पेरॉक्साइड मिळतं, त्यात ते बुडवून उन्हात ठेवलं की हळूहळू उजळतं. म्हणून कुरडया घालायच्या दिवसांत माझ्या गच्चीवर काचेच्या बरण्याही असतात. सापगावच्या थोरल्या जाऊबाई एकदा वर आल्या आणि बरणीपाशी वाकून पाहत राहिल्या.

"काय गो, लोकं बरनीत लोनचं घालतात. तू मान्सं घातलीस?"

"माणसं नाहीत हो वहिनी, यंत्रं आहेत."

"हात हायेत, पाय हायेत, तोंड हाय. मंग मान्सं नाय तर काय? मीठ तरी घातलंस का नाय?"

कावळे कुरडयांवर येऊ नयेत म्हणून मी छत्री घेऊन तिथेच बसते. दुपारी गावात कसलाही आवाज नसतो. बरणीत बारीक बुडबुडे वर चढत असतात आणि ते पांढरे हात, ती डोकी पाण्याखाली झोपल्यासारखी दिसतात. बघता बघता मीही त्यांच्याबरोबर तरंगू लागते.

त्यांच्या गोष्टीही मला तिथेच कळत गेल्या. मामानं आणलेल्या काही खेळण्यांच्या डब्यांत घडीचे चित्रांचे कागद होते. त्यावरचं जपानी मी फोन धरून वाचते. भाषांतर मोडकंतोडकं येतं, पण चित्रं बोलकी आहेत. तिथल्या जुन्या गोष्टीत यंत्र जिवंत नसतंच. नखाएवढा माणूस आत चढतो, बसतो, आणि मग ते प्रचंड यंत्र उठतं. पुढे तीच खेळणी तुमच्याकडे, तिकडे परदेशात, विकायला आली तेव्हा माणूस वगळला गेला आणि यंत्रांनाच नावं, स्वभाव, भांडणं मिळाली. दादा, तू फोनवर हे मान्यच करेनास. "आत माणूस असेल, तर मग बोलतं कोण, आजी?"

मला मग बोहाडा आठवला. टोकावड्याच्या पुढे माझं माहेर. तिथे उन्हाळ्यात बोहाडा व्हायचा, म्हणजे देवादिकांचे मोठाले रंगीत मुखवटे चढवून गावातली माणसं वाजंत्रीवर नाचायची. माझा काका नरसिंह व्हायचा. सकाळी म्हशीची धार काढली नाही म्हणून काकू त्याला वाट्टेल ते बोललेली असे, आणि मुखवटा चढला की तीच काकू त्याच्या पायावर डोकं ठेवी. नाच संपला, मुखवटा उतरला, की घामानं भिजलेला काका म्हणे, "च्या दे गो." आणि काकू म्हणे, "आदी म्हस बघ." तेव्हा बोलत कोण होतं, काका की देव? आम्हा मुलींना दोन्ही खरं वाटायचं. जपानची आणि तुमच्याकडची, या गोष्टी मला तशाच दोन्ही खऱ्या वाटतात.

आता निळी गाडी. मामानं आणलेल्यांतली हीच सगळ्यांत देखणी. हिच्या खांद्याचे सांधे सोनेरी कणांच्या प्लास्टिकचे आहेत. दादा, तूच वाचून सांगितलंस की तसलं प्लास्टिक वयानं आतून ठिसूळ होतं आणि एकदा वळवलं तरी भुगा होतो. म्हणून मी तिला गाडीच्या रूपातच कापसावर ठेवली होती. एकदा व्हिडिओ फोनवर बोलताना मी तिच्या काचेवर उजेड टाकला आणि धाकटे, तुला आत बसलेल्या नखाएवढ्या माणसाचं पांढरं शिरस्त्राण दिसलं.

"तो आत आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"तुझे बाबा लहान होते तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं सांगितलं की तू नीट जेवत नाहीस, त्याला आत हवा मिळते का असं विचारतेस. मग तू मलाच म्हणालीस, "आजी, त्याला बाहेर काढ." आणि दादा मागून ओरडला, "आजी, नको ना! तुटेल. अशा फार थोड्या उरल्यात."

दोघंही माझ्याकडे पाहत होतात. मी म्हटलं, येत्या रविवारी सांगते.

तो आठवडाभर येता-जाता मी गाडीकडे पाहिलं. दादाचं म्हणणं रास्त होतं, घडी उलगडल्याशिवाय टप उघडत नाही. मोडलेलं परत येत नाही, आणि ती सुंदर होती. पण मनात काका येत राहिला. मुखवट्यात तो कितीही शोभत असता आणि त्याला तसाच ठेवला असता, तर काकूनं चहा कुणाला दिला असता?

रविवारी फोन समोर ठेवून मी गाडी हातात घेतली. दादा, तू डोळ्यांवर हात धरलास, पण बोटांमधून बघत होतास. पाय उलगडले. छाती वर आली. मग डाव्या खांद्यात वाळलं पान चुरगळावं तसा आवाज झाला, हात निखळला आणि मेजावर सोनेरी चुरा सांडला. तेवढ्यात गाडीचं टप उघडलं. तो माणूस माझ्या बोटाच्या टोकावर आला.

मग दादा, तूच डोळ्यांवरचा हात काढून विचारलंस, "आजी, त्याच्या पायाखाली काय आहे?"

पाहिलं, तर बारीक लोहचुंबक. मी त्याला खिडकीच्या गजावर टेकवला. तो पायांनी चिकटून आडवाच उभा राहिला, हात पसरून. मागे माहुली किल्ल्याचे सुळके दुपारच्या धुरकट उजेडात विरघळत होते.

"त्याला वारा लागतोय?" धाकटे, तू विचारलंस.

"लागतोय."

"फोन जवळ ने ना, आजी," दादा म्हणाला. "तोंड दिसू दे."

मी नेला. त्याला तोंड काढलेलंच नव्हतं, नुसती काळी काच होती. तरी तुम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलात.