देवाला पत्ता सांगणारे मामा

देवावर एवढा भरवसा ठेवणारा, आणि त्याच देवाला एवढ्या सूचना करणारा माणूस कर्जत-खालापूरच्या मुलखात माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा झाला नाही. मामा सरकारी देवी टोचणारे. ख्रिस्ती माणूस, पण सारा मुलूख त्यांना देवीडाक्तर म्हणे, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांची नोकरी वाड्यावस्त्यांतून पोरांचे दंड धरण्यात गेली. पोरं त्यांना पाहताच कणगीमागे दडत, म्हणून घरांच्या खुणा पाठ करायची सवय त्यांना लागली. पेन्शन झाल्यावर ती सवय प्रार्थनेत उतरली. कुणासाठीही प्रार्थना करायची तर मामा आधी देवाला पत्ता सांगत. एकदा पोशीरला एका बाईने आजारी म्हशीसाठी गळ घातली. मामांनी तिथेच टोपी काढली. "हे प्रभू, पोशीर, वेशीतून आत आल्यावर डाव्या हाताचं दुसरं घर, दारात शेवगा. म्हैस काळी." बाई मधेच ओरडली, "आवं डाक्तर, येका शिंगाची म्हना! माज्या जावंची पन काळीच हाय!" मामांनी डोळे न उघडता दुरुस्ती केली. म्हैस जगली. जावेने मात्र मामांशी बोलणं टाकलं.

काळजी हा त्यांचा दुसरा गुण. खालापूरहून कर्जतला आमच्याकडे बैलगाडीने यायचे, पण बैलांना धाप लागेल म्हणून चढणीला खाली उतरून चालायचे, आणि उतारावर गाडी निसटेल म्हणून पुन्हा उतरायचे. गाडीभाडं गाडीचं, चाल मामांची. घर सोडताना कुलूप ओढून पाहायचे, चार पावलं जायचे, परत येऊन ओढायचे. शेवटी आभाळाकडे पाहून म्हणायचे, "प्रभू, मी लावलंय. तरी तूही एकदा ओढून बघ." तेव्हा कुठे पाय उचलत. उपासनेत डोळे मिटले की मामी चुलीवरचं दूध विसरली असेल असं त्यांना वाटे, म्हणून एक डोळा नेहमी किलकिला. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तो डोळा काही मिटला नाही.

आता माझं सांगतो. हे एवढं सविस्तर आजवर कुणाला सांगितलं नाही. मी कर्जत स्टेशनात मालाच्या कचेरीत कारकून. आमच्या एका ख्रिस्ती मासिकात महिन्याला एक पान मी लिहावं, असं संपादकांनी ठरवलं होतं. विषय श्रद्धा, प्रार्थना, रोजचं जगणं. आरंभी पानं भराभर झाली. मग हात थांबला. कारण असं, की "काळजी करू नका" असं लिहायला बसावं आणि मुलगा शाळेतून यायला जरा उशीर झाला की मीच लेखणी टाकून ओट्यावर जाऊन रस्ता बघावा. एक डोळा रस्त्यावर ठेवून लोकांना शांतीचा उपदेश करणं मला ढोंग वाटे. दोन-तीन महिने पान गेलं नाही. संपादकांनी निरोप धाडला, या खेपेस पान आलं नाही तर ते सदर बंद. मामांनी विचारलं तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "पाठवलं."

त्याच आठवड्यात आमच्या घरी प्रार्थनासभा होती. मामा उभे राहिले. "हे प्रभू, कर्जत, स्टेशनाच्या अलीकडे, ओट्यावर फुटकी कुंडी आहे ते घर. तिथले आमचे जावईबापू पान पाठवलं म्हणतात. पाठवलेलं नाही. मघाशी मी दौत पाहिली, शाई वाळून तिची खपली झाली आहे. त्यांना लिहितं कर." सारी मंडळी एकसुरात "आमेन" म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बायकोचा.

मंडळी गेल्यावर मी मामांवर तापलो. "मामा, चारचौघांत माझी अब्रू काढलीत!"

"चारचौघांत कुठे? मी तर त्याच्याशी बोलत होतो."

"मग माझंही ऐका. मला लिहवत नाही. मला सतत भीती वाटते. असल्या माणसाने श्रद्धेवर काय लिहायचं?"

 मामा हसले. "जावईबापू, मला काळजी नसती तर मी देवाकडे इतक्या खेपा घातल्या असत्या का? नाताळाला सलाम करून मोकळा झालो असतो. तुम्ही भीतीच लिहा. आणि सगळ्या जगाला लिहू नका. वर एका माणसाचा पत्ता घाला, म्हणजे खोटं बोलवणार नाही."

मी दौतीत पाणी घातलं. कागदाच्या माथ्यावर लिहिलं: मामा, खालापूर, नदीकडे उतरताना चिंचेखालचं घर. आणि खाली, मला भीती वाटते. पुढचं आपोआप आलं. पत्ता काढून पान पाठवलं, ते छापलं गेलं. तेव्हापासून नेम केला, कचेरीत जाण्याआधी पाटावर लिहायला बसायचं, सुचो न सुचो. भीती गेली नाही. ती शेजारी बसते, मी लिहितो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आधी चिंचेखालचं घर.

यंदाच्या भातकापणीत मामा गेले. शेवटी दोन्ही डोळे मिटलेले पाहिले आणि मला रडू आलं. सामान हलवून घराला कुलूप मीच लावलं. ओढून पाहिलं. चार पावलं गेलो, परत आलो, पुन्हा ओढलं. गाडीवान म्हणाला, "चला की साहेब, लागलंय कुलूप."

आज पाटावर बसलो तर माथ्यावर काय लिहावं ते कळेना. घर तर रिकामं. उठावंसं वाटलं, पण उठलो नाही. लिहिलं: मामा. त्यापुढे जागा सोडली. हे प्रभू, नवा पत्ता तुझ्याकडे आहे. पान पोचतं कर. आणि खालापूरचं कुलूप मी लावलंय, तरी तूही एकदा ओढून बघ.